एकोणीस माणसांची मेथी

जूनचा पहिला आठवडा सरला की आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात, बाहेरच्या क्रेटमध्ये, मेथी येते. हिवाळ्यातही येते, पण ती विमानातून आलेली असते, पिशवीत घाम सुटलेली. जूनमधली मेथी इथल्या मातीतली. पानांवर ओल असते, मुळांना ढेकळं असतात, आणि ट्रंक रोडच्या गाड्यांच्या धुरातही तिचा वास ओळखू येतो. बायका जुड्या उलटसुलट करून बघतात, पिवळं पान आहे का, फूल धरलंय का. मी आधी रबरबँड बघते. किती वेढे आहेत, शेवटचा पुरा आहे की अर्धा. दुकानदार रमणभाई एकदा म्हणालेच, "बेन, मेथी लेवानी छे के रबर?"

मी हसून दोन जुड्या घेतल्या. घरी येऊन त्या निवडायला बसले की मला तो उन्हाळा आठवतो. यंदा त्याला तीन वर्षं झाली.

आम्हाला पुण्याहून इंग्लंडात, रीडिंग गावी येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. सुधीर, माझा नवरा, मोटरवेच्या कडेच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करायचा, मुलगी शाळेत जायची. मी पुण्यात बारा वर्षं एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढली होती. दर तासाला दहा नग उचलायचे, मोजायचे, लिहायचे. इथं तसलं काम मिळेना. शेवटी शहराबाहेर बारा मैलांवर कॉलिन नावाच्या शेतकऱ्याकडे मिळालं. त्याचे वडील कोबी आणि बटाटे करायचे. यानं आपल्या लोकांच्या दुकानांसाठी मेथी, कोथिंबीर, पालक लावायला सुरुवात केली होती आणि आता एका मोठ्या दुकानसाखळीनंही त्याचा माल मागितला होता. मोठं दुकान म्हटल्यावर वजन नेमकं हवं. एक जुडी शंभर ग्रॅम, पाच खाली, पाच वर. त्यासाठी मी आणि माझा काटा.

शेतावरची माणसं बहुतेक पंजाबी. स्लाऊ आणि साउथहॉलकडून पहाटे एक ठेकेदार त्यांना व्हॅनमधून आणायचा. त्यांत छिंदो होती. खरं नाव सुरिंदर, वय बावन्न. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, सलवार त्यात खोचलेली, आणि डाव्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत निळे रबरबँड, चुड्यासारखे. एकेक काढायचा आणि जुडीला चढवायचा. दोन वेढे पुरे, तिसरा अर्धा. तिच्या जुड्या मी ढिगातून डोळे मिटून काढल्या असत्या.

आणि तिला काटा लागत नसे. जुडी तळहातावर घ्यायची, जरा खालीवर करायची. "एक सौ दो," म्हणायची. मी काट्यावर ठेवायची. एकशे तीन.

"मशीन खराब है, भैणजी," ती म्हणायची. "बदल लो."

मला ती काँटेवाली म्हणायची. दुपारी शेडच्या सावलीत सगळ्या रोट्या सोडून बसल्या की मला शिकवायची. डोळे मिट. हाताकडे लक्ष देऊ नकोस, खांद्याकडे दे. वजन खांद्याला कळतं. मी चुकायचे, तिच्या मैत्रिणी हसायच्या. मेथी काढायची वेळ कशी ओळखायची तेही तिनंच दाखवलं. देठ कानाशी धरून मोडायचा. टुक आवाज आला तर आज काढ. न आवाज करता वाकला तर कालच उशीर झाला.

एकदा ती बोलता बोलता म्हणाली, "सब गिनो, काँटेवाली. पत्ते गिनो, रबर गिनो. बस, हमें मत गिनना."

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले.

मला काहीच ठाऊक नव्हतं असं इथं लिहिता आलं असतं. ते खोटं होईल. छिंदोची मुलगी रज्जी स्लाऊला राहायची, तिला सातवा महिना लागला होता. तिच्या दवाखान्याचा एक फॉर्म इंग्रजीत भरायचा होता, तो छिंदोनं माझ्याकडे आणला. पत्ता, तारीख, आधीचे आजार, सगळं मी नीट अक्षरात भरलं. 'घरी मदतीला कोण' या रकान्यापाशी मी तिचं नाव लिहू लागले तशी तिनं माझं पेन धरलं.

"मेरा नाम नहीं."

मग हळू आवाजात तिनं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी आली ती कशी आली, कागद कसा नाही. रज्जीचं लग्न तिकडे जालंधरजवळ झालं तेव्हा ही इथं कांद्याची पात बांधत होती. जावई इथला, म्हणून रज्जी सगळ्या कागदांनिशी रीतसर आली आणि मायलेकी सहा वर्षांनी एकमेकींना भेटल्या. "ब्याह में नहीं थी," छिंदो म्हणाली. "जापे में रहूँगी. पहला जापा है. माँ नहीं करेगी तो कौन करेगा? सास?"

मुलीच्या वेळी माझ्या बाळंतपणात माझी आई चाळीस दिवस माझ्याजवळ होती. शेक, धुरी, तेल, डिंकाचे आणि मेथीचे लाडू. पाचव्या दिवशी मी लाडू कडू लागतो म्हणून ताट सरकवलं तर म्हणाली, "गोड खायला आयुष्य पडलंय." छिंदोला मी हे सांगितलं तेव्हा तिनं माझ्या आईचा पत्ता मागितला. लाडवांची कृती विचारायला.

म्हणजे मला ठाऊक होतं. तारीखसुद्धा ठाऊक होती, सप्टेंबरची दोन.

जुलैच्या सुरुवातीला कॉलिननं मला एक तक्ता करायला सांगितला. मोठ्या दुकानाकडून पाहणीला माणूस येणार होता, त्याला माणशी ताशी किती जुड्या होतात ते बघायचं होतं. हजेरीचा कागद कॉलिननं दिला. रोजच्या जुड्या माझ्याच वहीत होत्या, सहा तासांत नऊ हजार एकशेवीस. हजेरीवर माणसं चौदा. मी भागाकार केला. माणशी ताशी एकशे आठ.

हे अशक्य होतं. छिंदो, जिच्या हाताइतका वेग तिथं कुणाचा नव्हता, नव्वदीच्या वर जात नसे. एकशे आठ ही सरासरी असू शकत नाही. मी पुन्हा भागाकार केला. मग शेतात गेले आणि डोकी मोजली. एकोणीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली. एकोणीस. एकोणिसानं भागलं की बरोबर ऐंशी येत होते. इतका स्वच्छ आकडा की मला समाधान वाटलं. तक्त्यात मी ऐंशी लिहिले आणि खाली बारीक अक्षरात टीप दिली: शेतात प्रत्यक्ष मोजलेली माणसं एकोणीस, हजेरीपत्रकात चौदा.

मी कुणाचं नाव लिहिलं नाही. फक्त आकडा लिहिला. हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात स्वतःशी किती वेळा म्हटलं ते मात्र मोजलेलं नाही.

कॉलिननं तक्ता न वाचताच पुढे दिला. पाहणीला आलेला माणूस सभ्य होता, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून आलेला. त्यानं टीप वाचली आणि मला विचारलं, "तुम्ही स्वतः मोजलीत?"

"दोनदा," मी म्हटलं.

"सगळेच तुमच्याइतके काळजीनं काम करतील तर किती बरं."

हे मी रात्री जेवताना सुधीरला सांगितलं. अभिमानानं सांगितलं. तो आमटी वाढून घेत होता, तो थांबला.

"अगं, पण चौदाचे एकोणीस कसे झाले, हे तू विचारलं नाहीस?"

"माझं काम मोजायचं आहे."

"अच्छा," तो म्हणाला, आणि जेवायला लागला. नवऱ्याच्या 'अच्छा'वरून मी एरवी अर्धा तास भांडले असते.

त्यानंतर अकराव्या दिवशी इमिग्रेशन खात्याच्या व्हॅन आल्या. तो सोमवार होता. त्या वर्षी इंग्लंडात भलतंच ऊन पडलं होतं, गवत पिवळं झालं होतं, पण सकाळी साडेसातला शेतावर अजून गारवा होता. जाकीट घातलेले दहाबारा लोक उतरले, आरडाओरडा केला नाही, सगळ्यांना ट्रॅक्टरजवळ उभं राहायला सांगितलं आणि कागद मागितले. मीही रांगेत होते. माझ्या पर्समध्ये पासपोर्टच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स असते, अजूनही असते. मी ती काढून दिली. त्यांच्यातल्या एका बाईनं वरचं पान बघितलं आणि म्हणाली, "थँक यू, मॅडम." तिनं व्हिसा मागितला म्हणून... नाही, हे खरं नाही. तिनं न मागता मी तिला व्हिसाचं पानही उघडून दाखवलं. आपण त्यातले नाही हे दाखवायची घाई मला झाली होती, आणि छिंदो चार माणसं सोडून उभी होती.

पाच जणांना बाजूला काढलं. चौदा आणि पाच एकोणीस. माझा आकडा त्यांनी मान्य केल्यासारखं ते झालं.

छिंदोला व्हॅनमध्ये बसवण्याआधी हातातले रबरबँड काढायला सांगितले. ती एकेक काढू लागली, तिच्या सवयीनं, सावकाश. शेजारी उभा असलेला अधिकारी घड्याळ बघत होता. तिनं सगळे रबर माझ्या काट्याशेजारच्या डब्यात टाकले आणि मला म्हणाली, "रज्जी को फोन कर देना. डरे नहीं."

माझ्या टिपेमुळेच ते आले याचा पुरावा माझ्याकडे नाही. कुणी शेजाऱ्यानं कळवलं असेल, ठेकेदाराचा कुणाशी बिघाड असेल. पुराव्याशिवाय बोलू नये असं मीच मुलीला सांगते. पण अकरा दिवस माझ्याकडे आहेत.

दुसऱ्या दिवशी, ज्यांचे कागद चोख होते त्या चौदांतलेही सहाच आले. बाकीचे भ्यायले. सहा जणांकडून एकोणीस जणांची मेथी निघेना. आणि ते ऊन! मेथी तीन दिवसांत फुलावर आली, आठवड्यात तिनं शेंगा धरल्या. मी देठ कानाशी धरून मोडायचे. आवाज यायचा नाही. शेवटी कॉलिननं चार एकरांवर नांगर फिरवला. हिरवी मेथी ढेकळांखाली दबली, चिरडली, आणि तिचा वास उठला. फोडणी द्यायच्या आधी परातीत चिरून ठेवलेल्या मेथीचा तो वास, चार एकरांचा, गावभर. दोन दिवस तो चर्चच्या आवारात, पबच्या बाकांवर पसरला होता. पोस्टातली म्हातारी मला म्हणाली, "डिअर, कुणीतरी फार मोठी करी करतंय वाटतं." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी हो म्हटलं.

कॉलिन बांधावर उभा राहून बघत होता. "बाबा म्हणायचे, कोबीला शाळा शिकलेली माणसं लागत नाहीत," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझी टीप मी नंतर वाचली." एवढंच. त्याला चौदा आणि एकोणीस ठाऊक होते, त्यानं ते झाकले होते, ते काही पुण्य नव्हतं. पण त्याच्याकडे बोट दाखवून मला माझं बोट लपवता येत नाही.

तीन आठवडे आमच्या भागात कुठल्याच दुकानात मेथी नव्हती. मग केनियातून आली, मुठीत मावेल एवढी जुडी, पानं काळवंडलेली. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये, पंगतीत हाच विषय. माझी मैत्रीण वैशाली पुऱ्या लाटत होती.

"अगं, ठेपल्यांना मेथीच मिळाली नाही. तुझ्या फार्मवर काय झालं म्हणे?"

"धाड पडली."

"इल्लीगल होते ना? मग बरंच झालं की! असल्या लोकांमुळे आपलं नाव खराब होतं." मग लाटणं थांबवून, "पण मेथी कधी येणार?"

मी पुऱ्या तळत राहिले. वैशालीवर मी रागावू शकत नाही. तिनं ते मोठ्यानं म्हटलं. मी तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

त्या वर्षी आमच्यावरही एक नियम आदळला होता. कायम राहायची परवानगी चार वर्षांनी मिळायची, ती पाचांनी मिळणार होती. आम्ही सगळे चिडलो होतो. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलतात म्हणजे काय? आमचं इथं घर आहे, मुलं आहेत, आम्ही माणसं आहोत की नाही? आरतीनंतर दिल्लीहून कामानिमित्त आलेले एक पाहुणे बोलले. ते म्हणाले, काळजी करू नका, दोन्ही सरकारांची बोलणी चालू असतात. जे कागदांशिवाय आलेत त्यांना आपण लवकर परत घेऊ, म्हणजे तुमच्यासारख्यांची वाट मोकळी राहील. देशाची खरी ओळख म्हणजे तुम्ही. हॉलमध्ये टाळ्या झाल्या.

मी आयुष्यभर काट्याशी काम केलेलं आहे. एका पारड्यात काही ठेवलं तर दुसरं वर जातं, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आमचं पारडं वर जावं म्हणून दुसऱ्यात कोण ठेवलंय ते मला नावानिशी ठाऊक होतं. गणपती बसायच्या आदल्या आठवड्यातच छिंदोला विमानात बसवलं होतं. तिच्याजवळ पासपोर्ट नव्हता, म्हणून एका बंद केंद्रात ती महिनाभर आपल्याच देशाच्या कागदाची वाट बघत होती. मी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते.

पुढच्या वसंतात कॉलिनकडे पोलंडची माणसं आली, सगळी कागदोपत्री पक्की. कष्टाळू, हसरी. त्यांनी मेथी कधी पाहिली नव्हती. मारेक नावाच्या एकानं पांढरी फुलं आलेल्या मेथीच्या वीस जुड्या फार प्रेमानं बांधून आणल्या. त्याला वाटलं फुलं ही शोभा आहे. कॉलिननं मला बोलावलं. मी मारेकला देठ कानाशी धरायला शिकवलं. टुक. तो हसला, पुन्हा मोडला, पुन्हा हसला. "हू टीच यू?" त्यानं विचारलं.

"एक बाई," मी म्हटलं. त्या मोसमानंतर मी ते काम सोडलं.

मुलीला मी हे सगळं गेल्या वर्षी सांगितलं. ती आता मोठी झाली आहे. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पण आई, तू जे लिहिलं ते ट्रू होतं ना? देन व्हॉट्स द प्रॉब्लेम?" मी तिला लहानपणापासून हेच शिकवलं होतं. खऱ्या आकड्यालाही कोण वाचणार, कुठे वाचणार, हे विचारावं लागतं, एवढंच मला आज कळतं, आणि तेही मला कारखान्यात कुणी शिकवलं नव्हतं.

स्लाऊला मी गेले ते धाडीच्याच वर्षी, सप्टेंबरात, एका शनिवारी. रज्जी बाळंत होऊन आठ दिवस झाले होते. मी मेथीचे लाडू नेले होते, आईच्या कृतीचे, एकवीस. ट्रेनमध्ये सबंध वेळ मी एक वाक्य पाठ करत होते. तक्ता मी केला होता. तक्ता मी केला होता. त्याच्या पुढचं वाक्य तयार नव्हतं, पण हे होतं.

रज्जीनं दार उघडलं. केस विंचरलेले नव्हते, डोळ्यांखाली काळं होतं. सासू तिच्या कामावर गेलेली, नवरा टॅक्सीवर. धाडीच्या दिवशी मी केलेल्या फोनवरचा आवाज तिनं ओळखला. "आप फॉर्मवाली आंटी हैं ना? मम्मी रोज़ आपका नाम लेती हैं." एका पाळण्यात मुलगी झोपली होती. ओट्यावर सकाळचा चहा तसाच साय धरून होता. मी भांडी घासायला घेतली, तिनं नको नको म्हटलं आणि मग खुर्चीत बसून लाडू खाल्ला, कडू तोंड न करता.

इतक्यात फोन वाजला. जालंधरहून रोज त्या वेळी यायचा. रज्जी म्हणाली, "मम्मी, काँटेवाली आंटी आयी हैं," आणि फोन माझ्या कानाला लावला.

छिंदोचा आवाज लांबून, मध्येमध्ये तुटत येत होता. कशी आहेस, मी विचारलं. ठीक, ती म्हणाली. तिकडे मेथी कधी लागते, मी विचारलं. थंडीत, ती म्हणाली. मी माझं वाक्य जुळवत होते.

"भैणजी, एक काम करो," ती म्हणाली. "बच्ची को उठाओ. वज़न बताओ. ये लोग किताब से पढ़के बताते हैं, मुझे समझ नहीं आता. तुम हाथ से बताओ."

फोन रज्जीनं धरला. मी मुलीला उचललं, दोन्ही तळहातांवर घेतलं आणि डोळे मिटले. हाताकडे नाही, खांद्याकडे लक्ष दिलं. ती झोपेत जरा हलली आणि पुन्हा जड झाली.

"तीन किलो शंभर," मी म्हटलं.

रज्जीनं दवाखान्याची वही उघडली. आदल्या दिवशी नर्सनं लिहिलं होतं, तीन किलो ऐंशी ग्रॅम.

तिकडून छिंदो हसली. पहिल्यांदा, मोकळी. "मैंने कहा था ना? काँटेवाली ग़लत नहीं गिनती."

ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी तोंड उघडलंही. मुलगी माझ्या खांद्याशी ऊबदार होती, रज्जी माझ्याकडे बघत होती, दुसरा लाडू तिच्या हातात होता.

"अब रख दो उसे, भैणजी," छिंदो म्हणाली. "गोद की आदत पड़ जाएगी. फिर रज्जी अकेली कैसे सँभालेगी?"

मी तिला पाळण्यात ठेवलं. ठेवताच ती रडू लागली.